चिठ्ठी नसलेली बाटली

मुकादमांचा एक नियम होता आणि इस्पितळात सफाईला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी पाठ करावा लागे: बाटलीवर चिठ्ठी नाही, तर बाटली दाराबाहेर. मग आत पाणी असो नाहीतर अमृत. एकतीस वर्षं त्यांनी त्या इस्पितळाच्या फरशा पुसल्या आणि पुसून घेतल्या. पोछा आठाच्या आकड्यासारखा कसा फिरवायचा, भिंत वरून खाली का धुवायची, कुठल्या औषधाची कुठल्या औषधाशी गाठ पडू द्यायची नाही, सगळं तोंडपाठ. ‘स्वच्छता नाकाला कळली पाहिजे’ असं ते म्हणायचे, आणि संध्याकाळी त्यांच्याआधी त्यांच्या फिनाईलचा वास जिना चढायचा. बायको आतूनच म्हणायची, “बेल कशाला वाजवता? वर्दी केव्हाच आली!”

अशा माणसाच्या घरात गेल्या थंडीत न्हाणीघरात विषारी वाफ झाली आणि बायकोची फुप्फुसं होरपळली.

ती तिथलंच शौचालय घासत होती. आधी ॲसिड ओतलं, वर दुसऱ्या बाटलीतलं ब्लीच ओतलं. थंडी म्हणून दार-खिडकी बंद. शेजारणीने खोकला ऐकला म्हणून ती वाचली. ज्याने त्याने हळहळून एकच म्हटलं, बाईने दोन औषधं एकत्र केली, बिचारीला कळलं नाही. तिनेही मास्कच्या आडून डॉक्टरांना तेच सांगितलं, “माझीच चूक. मी बघितलं नाही.”

तीन महिने झाले. थंडी सरली, खिडक्या उघडायचे दिवस आले, आणि डॉक्टरांनी चार दिवसांनी घरी न्यायला सांगितलं. पण अट घातली. फिनाईल नाही, ब्लीच नाही, फवारे नाहीत, वासाचा साबणसुद्धा नाही. धूळ आणि बुरशी तर मुळीच नाही. आता एक खोकला मोठा झाला तर परत इथे, आणि पुढचं देवाच्या हातात.

लेक पाच तासांचा प्रवास करून आली. पिशवी ठेवायच्या आधी तिने स्वतःची अट सांगितली.

“बाबा, खरं सांगते, मी आईला माझ्याकडेच नेणार होते. आमची खोली तयार आहे. पण ती तिकडे रमणार नाही. तुम्ही या कामातले माणूस, म्हणून तुमच्या भरवशावर तिला इथे ठेवते. तुमच्या. तिच्या नाही.”

मुकादमांनी मान हलवली.

मग ती दोघं कामाला लागली. लेकीने व्हिनेगरच्या बाटल्या, खायचा सोडा, लिंबं, जाडं मीठ असं सगळं आणलं होतं. शेजारीण दारातून डोकावली आणि हसली, “मुकादम, घर साफ करताय की लोणचं घालताय?”

“मुरलं की वाटीभर पाठवतो,” मुकादम म्हणाले. पण हसू ओठांवरच राहिलं.

व्हिनेगर उघडण्याआधी त्यांनी घरातली औषधं एकूण एक बाहेर काढली. “ब्लीचला व्हिनेगर लागलं तरी तीच वाफ होते,” ते म्हणाले. लेक थांबली. “पण बाबा, तुम्ही तर घरात ब्लीच कधी येऊच दिलं नाहीत. आईला मिळालं कुठून? बाजारातून आणलं असणार. स्वस्त मिळालं असेल, दुसरं काय! कमाल आहे बाई हिची.”

मुकादम स्टुलावर बसून पडद्याच्या कड्या काढत होते. त्यांनी एक कडी काढली, दुसरी काढली.

पहिला दिवस वरचा: छत, कोपरे, दिवे. ओल्या फडक्याने, म्हणजे धूळ उडणार नाही. दुसऱ्या दिवशी गाद्यांवर सोडा भुरभुरवला, दोन तासांनी ब्रशने झाडला आणि गाद्या गच्चीत उन्हात टाकल्या. काचांना व्हिनेगरचं पाणी, वर जुना कागद. मुकादमांना आधी हा सगळा पोरखेळ वाटत होता. पण काच अशी निघाली की चिमणी येऊन आपटावी. सोड्याचा लगदा शेगडीमागच्या तेलकट टाइल्सना फासला, अर्ध्या तासाने पुसला, तर खालून पांढरा रंग निघाला. हा रंग त्यांनी स्वतः निवडला होता, लग्नानंतर पाच वर्षांनी. विसरलेच होते.

“बघा, काही जळत नाही, काही झोंबत नाही,” लेक म्हणाली. “उगाच आयुष्यभर विष हुंगलंत.”

“हुंगलं,” ते म्हणाले. “आणि घरी आणलं.”

तिने ते बोलण्याच्या ओघातलंच घेतलं. माणूस खरं बोलायला निघतो तेव्हा आधी असाच उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरतो.

तिसऱ्या दिवशी न्हाणीघर. कोपऱ्यात बुरशीचा काळा पट्टा होता. मुकादम गुडघ्यांवर बसून त्याला व्हिनेगर लावत होते, तासभर ठेवून घासत होते, पुन्हा लावत होते. लेक लिंबाच्या फोडीला मीठ लावून नळ घासत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आई होती. लेकीने फोन स्पीकरवर कडेला ठेवून मोठ्याने बोलायला सुरुवात केली, हात ओले होते म्हणून.

“आई, नीट ऐक. घरी आल्यावर कशाला हात लावायचा नाहीस. बाबांना विचारल्याशिवाय साधी बाटली उचलायची नाही. कळलं? एवढ्या वर्षांत त्यांच्याकडून एवढंही शिकली नाहीस. लहान बाळ आहेस का तू?”

फोनमधून श्वासाची घरघर आली, आणि मग आवाज, “हो गं बाई. हो. नाही उचलणार.”

बस. तेवढाच ‘हो’. मुकादमांच्या हातातला ब्रश थांबला. ज्या बाईने त्यांच्या एकतीस वर्षांच्या वासाची थट्टा केली पण कधी तक्रार केली नाही, ती आता त्यांच्या वाटणीचा ‘हो’ म्हणत होती, तोही उसन्या श्वासावर. देव माणसाला पुष्कळ माफ करत असेल. पण दुसऱ्याच्या पदरात टाकलेली चूक त्याच्याकडेसुद्धा माफ होत नसावी.

लेकीने फोन ठेवला. मुकादम भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, “ती बाटली माझी होती.”

“कुठली?”

“ब्लीचची. मी आणली. वॉर्डात उरलेलं, सरबताच्या बाटलीत भरून. ह्याच पट्ट्यासाठी. म्हटलं रविवारी मारू. चिठ्ठी लावायची राहिली. उद्या लावू म्हटलं. तिला वाटलं, मी साबणाचं पाणी करून ठेवलंय.”

नळ घासायचा आवाज चालूच राहिला. मग थांबला.

“आईला माहीत आहे?”

“पहिल्या दिवसापासून. मी डॉक्टरांना सांगायला तोंड उघडलं, तर तिने हाताने खूण केली, गप्प राहा. माझी नोकरी जाईल म्हणून. आणि मी गप्प राहिलो.”

“तीन महिने मी तिला बोलतेय, बाबा.”

“हो.”

“काय काय बोललेय. आणि तुम्ही बाजूला बसून ऐकत होतात.”

“हो.”

लेक उठली, हात धुतले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, “नुसती चूक झाली असती तर मी काहीच म्हटलं नसतं. चूक कोणाच्याही हातून होते. पण ती एकटी इथे, तुमच्याजवळ, आणि उद्या पुन्हा काही झालं तर तुम्ही मला खरं सांगाल, हे मी कशाच्या जोरावर धरू?” डोळे पुसत ती म्हणाली, “आईला मी घेऊन जाणार.”

हे असंच होणार, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून तर जीभ तीन महिने टाळूला चिकटली होती. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, “जाताना तासभर इथे थांबू दे तिला.”

चौथ्या दिवशी पहाटेच उठून त्यांनी पट्टा पुन्हा घासला. लेक म्हणाली, “आता कशाला?” ते म्हणाले, “येणार आहे ना ती.”

बाराच्या सुमारास गाडी आली. ती जिना चढली, प्रत्येक पायरीवर थांबत. दारात उभी राहून तिने हळूच नाकाने श्वास घेतला. दोघंही तिच्या छातीकडे बघत राहिले. खोकला आला नाही.

“कसलाच वास नाही,” ती म्हणाली. “अहो, घर आपलंच ना? की चुकून वरच्या मजल्यावर आणलंत?”

लेक तिच्या गळ्यात पडली. “आई, मला माफ कर गं.” तेवढ्यावरून तिला सगळं कळलं. ती नवऱ्याकडे वळली.

“सांगितलंत?”

“सांगितलं.”

“कशाला? मी छान निभावलं होतं.” मग जरा दम घेऊन, “म्हणजे आता मी जायचं.”

“श्वासाला चालतंय हे घर,” लेक म्हणाली, “पण...” आणि पुढचं तिला म्हणवेना.

“राहू दे. कळलं मला. तुझ्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं.”

ती उन्हात तापवलेल्या गादीवर टेकली. शेगडीमागच्या भिंतीकडे बघून म्हणाली, “पांढरा होता होय तो! मी इतकी वर्षं पिवळा समजत होते.” नवऱ्याला म्हणाली, “रविवारी या तिकडे. येताना वासाचं काही लावू नका, नाहीतर दारातूनच परत पाठवीन.” एवढं बोलून दमली आणि कुशीवर वळली. पाचच मिनिटांत डोळा लागला. श्वास सावकाश चालला होता. घरघर अगदी बारीक, कान देऊन ऐकावी अशी.

तास झाला. खाली गाडीवाल्याने हॉर्न दिला. लेकीने आईच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. पुन्हा हॉर्न वाजला. अंधार पडायच्या आत पोचायचं होतं. संध्याकाळचा गार वारा त्या छातीला सोसणारा नव्हता. लेक रडवेल्या तोंडाने वडिलांकडे बघत राहिली.

मुकादम वाकले. बायकोच्या कानाशी, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “ऊठ गं. गाडी थांबलीय.”