श्वासाचा निळा उजेड

पाणी फोडता येतं. हवा उपसलेल्या नळीत थोडी वाफ सोडायची आणि तिच्यावर इलेक्ट्रॉन आदळायचे. रेणू फुटतो. सुटा झालेला हायड्रोजन तांबडा उजळतो.

क्षयाच्या गोळ्यांनी मळमळतं. ताप मात्र लवकर उतरतो. कोर्स सहा महिन्यांचा.

वाघोलीतलं एक मंगल कार्यालय. दारावर पाटी : ‘चपला सांभाळाव्यात. हरवल्यास महाराज जबाबदार नाहीत.’ त्रिकालज्ञान चपला वगळून.

टाळ. फार मोठ्याने टाळ.

व्यासपीठावर झाकलेलं टेबल, वर काचेची नळी, नळीला रबरी पाइप. रोग्याने पाइपमध्ये फुंकलं की नळी तांबूस पेटायची.

“हा रोग!” श्वासमहाराज गरजायचे. “डाक्टरच्या मशीनला दिसतो का? घ्या अंगारा. फुंका परत!”

या खेपेला उजेड निळसर पांढरा.

“जळाला रोग! गोळ्या गटारात टाका, माउली!”

आणि सगळं कार्यालय हात जोडायचं.

रांगेत माझी प्रेमलाआत्या होती. क्षयाच्या गोळ्यांचा तिसरा महिना. मी प्रयोगशाळेत नोकरी करते : रेणूंवर इलेक्ट्रॉन मारायचे, ते फुटले की तुकड्यांतून निघणारा प्रकाश मोजायचा. म्हणजे महाराज माझंच काम करत होते. माझ्याकडे टाळकरी नव्हते, एवढंच.

“आत्या, गोळ्या सोडायच्या नाहीत.”

“उल्के, पोटात ढवळतं गं. निळा उजेड आल्यावर कशाला खायच्या?”

मी प्रकाशाचे रंग सुटे करून दाखवणारी छोटी दुर्बीण आणली होती. आत्याने पहिल्यांदा फुंकलं तेव्हा हायड्रोजनची तांबडी रेघ ठसठशीत दिसली. बरोबरच. श्वास ओला असतो; चष्म्यावर फुंकून पाहा. मग अंगारा. आत्याने पुन्हा पाइप तोंडाला लावला, तशी मी पुढे झाले आणि पाइप मधोमध चिमटीत घट्ट दाबून धरला. आत्याचे गाल फुगले. श्वास कुठेच गेला नाही.

नळी निळी झाली.

दुर्बिणीत तांबडी रेघ नव्हती. कार्बन मोनॉक्साइडचे पट्टे होते. मी टेबलाचं कापड वर केलं. खाली घरघरणारा पंप, त्याचा आवाज झाकायला टाळ. शेजारी सोडावाल्याकडे असतो तसला सिलिंडर, आणि त्याच्या तोटीवर एका शिष्याचा पाय.

“बघा! आत्याचा श्वास आत गेलाच नाही, तरी उजेड बदलला. ह्या सिलिंडरमध्ये सोड्याचा गॅस आहे, कार्बन डायऑक्साइड. विजेच्या माऱ्याने तो फुटून कार्बन मोनॉक्साइड होतो आणि निळा दिसतो. बरं कुणीच झालेलं नाही!”

मग सोनबाकाका उठले. आत्याचे यजमान. भोळे मुळीच नाहीत. प्लॉटिंगवाल्यांना घाम फोडलेला माणूस.

“म्हंजी,” ते हळूच म्हणाले, “म्हाराजांनी श्वास न घेताच गुण दिला?”

“महाराज की जय!” मागून कुणीतरी ओरडलं, आणि टाळ पुन्हा सुरू झाले.

महाराजांनी मला नमस्कार केला. “ताई, परीक्षा घेतलीत. उपकार झाले.”

“काका, सिलिंडर दिसतोय ना तुम्हाला?”

“दिसतोय की. देवालाबी सामान लागतंय. तुझ्या ल्याबला लागत नाय?”

उत्तर मी दिलं. त्या टाळांत ते मला स्वतःलाही ऐकू आलं नाही.

घरी जाताना स्कूटरवर मागून आत्याने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. “तुझ्याच हातानं शिद्ध झालं बघ.” फार मायेने म्हणाली. त्या दिवसापासून तिने गोळी घेतली नाही. मी रोज जात होते, भांडत होते. दिवाळीत खोकला परत आला.

वाचणाऱ्यांना हात जोडून सांगते. उजेडाचा रंग नळीतला वायू सांगतो, छातीतला जंतू नाही. चमत्कार दिसला तर आधी कापड उचला. आणि खाली यंत्र दिसलं तर त्यालाही नमस्कार करू नका. क्षयाचं औषध अर्ध्यावर सोडलं की जंतू त्याला सरावतो. मग तीच गोळी लागू पडत नाही, आणि खोकला घरातल्यांनाही धरतो.

आत्याच्या घरात तेव्हा तिचं चार महिन्यांचं नातवंड होतं. ते आत्याच्याच कुशीत झोपायचं.