वाफेचं पाणी

हार्लन टॉफ्टेनं हेल्मेटभर समुद्राचं पाणी मशीनगनची नळी गार ठेवायला तिच्याभोवती बसवलेल्या टाकीत ओतलं, तेव्हा त्यातलं निम्मं वाळूतच सांडलं. पन्नास पावलं सरपटत लाटांपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं, तेही बोडक्या डोक्यानं, वरून गोळ्या सणसणत असताना.

शेजारी नारळाच्या ओंडक्यांच्या बांधाला टेकून रुडी व्हाव्रा पडला होता. मशीनगन खरी रुडीची. हार्लन नुसता गोळ्यांचे पट्टे पुरवणारा. सकाळी होड्या प्रवाळाच्या खडकावर अडकल्या. तिथून छातीभर पाण्यातून, खांद्यावर ते ओझं घेऊन, दोघं चालत आले आणि किनाऱ्यावर पाय टेकतो न टेकतो तोच रुडीच्या मांडीत गोळी घुसली. त्याची पाण्याची बाटली लाटांत गेली, हार्लनच्या बाटलीला भोक पडलं, आणि मशीनगनसाठी आणलेला गोड्या पाण्याचा डबा लवंडला. तेव्हापासून सूर्य नुसता आग ओकत होता.

"एक घोट दे रे," रुडी म्हणाला. त्याची जीभ तोंडात मावत नव्हती.

"देतो. तुझी ही बयाच देईल, थांब." हार्लननं मशीनगनवर थाप मारली.

थट्टा होती, पण खोटी नव्हती. गोळ्या झाडून नळी तापली की टाकीतलं पाणी उकळतं, वाफ रबरी नळीतून खालच्या डब्यात उतरते आणि तिथं तिचं पुन्हा पाणी होतं. पलटणीतले जुने मशीनगनवाले थंडीतल्या सरावात त्याच पाण्याची कॉफी करून प्यायचे, आणि नव्यांनी तोंडं वाकडी केली की पोट धरधरून हसायचे. पाणी खारं घाला नाहीतर गढूळ, वाफेचं पाणी गोडंच निघायचं. फक्त वाफ हवी तर मशीनगन चालती हवी.

सार्जंट पिनेल बांधाच्या आडून सरपटत आला. छातीशी स्फोटकांची पिशवी होती.

"नीट ऐक. समोरच्या बंकरचं दार तुला दिसतं. मी डावीकडून जाणार, मला ते दिसणार नाही. तू मारत राहा. पट्टा बदलण्यापुरता नाही, खराच थांबलास की मी समजेन, कुणीतरी हात वर करून बाहेर येतंय. मग पिशवी टाकणार नाही. कळलं?"

"कळलं, सार्जंट."

"आणि ह्याला बोलतं ठेव. झोपला तर गेला."

पिनेल गेला. हार्लननं घोडा दाबला. एक पट्टा संपला, दुसरा लावला. टाकी खदखदायला लागली.

"रुडी, कॉफीत साखर किती?"

रुडीची मान एका बाजूला कलली.

"ए रुड्या! साखर किती, मी विचारतोय."

"दोन... दोन चमचे."

"नखरे तर बघा!"

हार्लनला रडू फुटत होतं. डब्यात पहिला थेंब टपकला, मग दुसरा. समोर बघायचं सोडून त्याचं लक्ष सारखं त्या रबरी नळीच्या तोंडाकडे जात होतं. डब्याचा तळ जेमतेम ओला झाला होता.

मान वर केली, तेव्हा बंकरच्या दारातून एक काठी बाहेर आली होती. काठीला पांढरी गंजी. मागोमाग तीन माणसं आली. अनवाणी, हाडांचे सापळे, हातात काहीच नाही. शिपाई नव्हतेच ते. शत्रूनं खोदकामाला धरून आणलेले मजूर असावेत.

हार्लननं ते पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं.

रुडीचे डोळे मिटत होते. अर्धा पट्टा उरला होता. अर्ध्या पट्ट्याचं कपभर पाणी झालं असतं. हार्लननं मशीनगनचं तोंड वर उचललं, त्यांच्या डोक्यांवरून बरंच वर, आणि घोडा सोडला नाही. बसतील खाली, घटकाभर थांबतील, त्यांचं काय जातंय, असं तो स्वतःशी म्हणत राहिला.

ते बसले नाहीत. गंजी टाकून तिघंही आत पळाले.

आता थांबावं, असं त्याला वाटलं. पट्टा संपायला आला होता. तो संपला, आणि त्याच क्षणी डावीकडून स्फोट झाला. बंकरच्या छपराचे ओंडके उडाले, वाळूचा लोट बांधापर्यंत आला.

मग सगळं शांत झालं. डब्यात शेवटचे थेंब पडत होते, ते ऐकू येत होते. डबा निवेपर्यंत हार्लन त्यावर फुंकर घालत राहिला, मग रुडीची मान उचलून त्यानं तो त्याच्या ओठांना लावला. रुडी प्यायला. ठसकला, पुन्हा प्यायला. डोळे उघडले.

पिनेल परतला तो अंगभर वाळू घेऊन.

"कुणी बाहेर आलं नाही ना?"

"नाही," हार्लन म्हणाला.

"घ्या सार्जंट, घोटभर," रुडी खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. "तेलकट आहे, पण गोड आहे."

पिनेलनं एक घोट घेतला, मिशा पुसल्या आणि डबा हार्लनपुढे धरला. "घे. तूच केलंस ना?"

तळाशी थोडं पाणी उरलं होतं. हार्लनचे ओठ फुटून रक्त आलं होतं.

"मला तहान नाही," तो म्हणाला, आणि त्यानं डबा रुडीच्या तोंडाशी नेला.