कळ काढलेला कळफलक

मी एक जुना कळफलक आहे. दुकानात मला कीबोर्ड म्हणत. चिखलीतल्या ज्या घरात मी आलो, तिथेही सुरुवातीला तेच नाव होते. कळफलक हे नाव मला साक्षीने दिले. ते तिला तिच्या मराठी शाळेच्या पुस्तकात सापडले होते.

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर आधी माझ्या अंगावरची एक रिकामी जागा दिसेल. उजवीकडे खाली चार बाण असतात. त्यांतला वर जाणारा बाण माझ्याकडे नाही. तो तुटून पडला नाही. तो काढला आहे. कुणी काढला आणि का, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म कुठे झाला, मला ठाऊक नाही. पाठीवरचा कागद घासून गेला आहे. मला आठवते ते पिंपरी कॅम्पातले जुन्या सामानाचे दुकान. बुद्धभूषणने मला तिथून आणले. घेताना त्याने माझी एकेक कळ दाबून पाहिली. दुकानदार म्हणाला, "भाऊ, कीबोर्ड घेताय का कणीस?" बुद्धभूषण हसला, पण सगळ्या कळा दाबून झाल्यावरच त्याने मला पिशवीत घातले.

बुद्धभूषण चाकणच्या एका कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर काम करायचा. मला त्याने आणले ते त्याच्या बायकोसाठी, आम्रपालीसाठी. तिला एका कारखान्याचे काम घरी मिळाले होते. कारखान्यात तपासणी करणारे लोक प्रत्येक सुट्या भागाची मापे कागदावर लिहीत. त्या कागदांचे फोटो तिच्या फोनवर येत आणि ती मापे ती संगणकात भरायची. सकाळी साक्षी शाळेत गेली की आम्रपाली माझ्यासमोर बसायची. तिची बोटे फार चपळ होती. आकड्यांच्या कळांकडे ती पाहायचीसुद्धा नाही.

चार वाजता साक्षी यायची. मग दप्तर एका कोपऱ्यात आणि मायलेकी माझ्यापुढे. त्यांचा मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता. साक्षी हरली की रुसायची, पण आम्रपाली तिला मुद्दाम कधी जिंकू द्यायची नाही. म्हणायची, "मी तुझी आई आहे शाळेत. इथं मी ड्रायव्हर आहे." गाडी पुढे न्यायला वर जाणारा बाण दाबून धरावा लागे. त्या बाणावरची खूण पहिल्या वर्षातच पुसली गेली. ती माझी सर्वांत लाडकी कळ होती.

साक्षीने माझे मराठी नाव सांगितले त्या दिवशी आम्रपाली खूप हसली होती. म्हणाली, "कळफलक? म्हणजे कळा देणारा फलक." तेव्हा ती थट्टा होती.

फेब्रुवारीत तिचा उजवा हात दुखू लागला. आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग मनगटात. पोळी लाटताना लाटणे सुटायचे. बादली उचलवेना. कामही उजव्या हाताचे आणि खेळही उजव्या हाताचा, त्यामुळे त्या हाताला विसावा नव्हता. ती थांबायची, मनगट दाबायची आणि पुन्हा टाइप करायची.

तिने बुद्धभूषणला सांगितले. तो नुकताच शिफ्टवरून आला होता. बूट काढता काढता म्हणाला, "जरा कळ काढ. सवय होईल."

तो वाईट माणूस नव्हता, मित्रांनो. त्याच्या कंपनीत सगळ्यांचेच हात दुखत. तिथे कुणी कण्हले की बाकीचे म्हणत, कळ काढ भावा, शिफ्ट संपतेय. त्याचे वडीलही कारखान्यातच राबले होते, तेही असेच म्हणत. हे वाक्य त्याला घरातूनच मिळाले होते. त्यात काही चुकीचे आहे असे त्याला वाटले नाही. त्या आठवड्यात तो ते तीन-चारदा म्हणाला.

एका दुपारी आम्रपाली कपडे वाळत घालायला गेली होती. साक्षी शाळेतून आली. तेव्हा ती तिसरीत होती. तिने कंपासपेटीतली पट्टी काढली, वर जाणाऱ्या बाणाच्या खाली घातली आणि जोर लावला. मला लागले नाही, पण ती जागा मोकळी झाल्याचे जाणवले. तो बाण मुठीत धरून ती बाबांची वाट पाहत बसली.

बुद्धभूषणने ते पाहिले आणि तो चिडला. चांगली वस्तू का मोडलीस, असे त्याने विचारले. साक्षी म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, कळ काढ. आई काढत नव्हती. मी काढली."

पुढे म्हणाली, "मला नाही खेळायचं आता. आईला कळ नको यायला."

आम्रपालीने तो बाण लेकीच्या हातातून घेतला आणि तिला जवळ ओढले. तो बाण तिने कुठे ठेवला, ते मला तेव्हा कळले नाही.

दुसऱ्याच दिवशी बुद्धभूषण तिला रहाटणीला दिव्या मॅडमकडे घेऊन गेला. त्या हातापायांचे व्यायाम करून घेत आणि शिकवत. त्यांनी सांगितले की दुखणे मनगटात आहे, पण चूक बसण्यात आहे. त्यांनी मनगटाला पट्टा दिला आणि एक कागद लिहून दिला. दर वीस मिनिटांनी हात उचला. मनगट वाकवू नका. पाय अधांतरी ठेवू नका. बोटांचे व्यायाम करा. शेवटची ओळ होती, दुखणे बदलले तर लगेच सांगा. बुद्धभूषणने तो कागद माझ्या समोरच्या भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली चिकटवला.

माणूस इतका बदलताना मी पाहिला नव्हता. त्याने कंपनीतून पॅकिंगची फळी मागून आणली, घासली आणि मला ठेवायला बेताच्या उंचीचा पाट केला, म्हणजे तिचे मनगट सरळ राहील. तिच्या पायांखाली दोन विटा ठेवून त्यावर जुनी गोधडी घातली. अकराच्या चहाच्या सुट्टीत तो रोज फोन करायचा आणि हात उचलला का, एवढेच विचारायचा. घरी आला की गरम पाण्याचे घमेले भरायचा, त्यात तिचा हात बुडवून ठेवायचा आणि एकेक बोट चोळायचा. शेजारचे रिक्षावाले साहेबराव त्याला चिडवत, "काय राव, बायकोच्या हाताला गणवेश, पट्टा, मालिश. तुमचा हात कोण बघणार?" तो म्हणायचा, "माझा तिच्याच हातात आहे."

हळूहळू कळ कमी झाली. आम्रपाली माऊस डाव्या हाताने चालवायला शिकली. काम निम्मे झाले, पण सुटले नाही. शर्यतीचा खेळ मात्र बंद झाला तो झालाच.

मग ऑक्टोबरातला तो गुरुवार आला. गुरुवारी बुद्धभूषणला सुट्टी असे. साक्षी शाळेत गेली होती. तो मेथी निवडत होता. आम्रपाली माझ्यासमोर बसली होती. दहाच्या सुमारास तिचा डावा हात माऊसवरून घसरला.

ती म्हणाली, "अहो, आता हा पण सुरू झाला."

तो म्हणाला, "त्याला वाटलं असेल, सगळी सेवा उजव्याचीच होते."

दोघे हसले. त्याने मेथी बाजूला ठेवली, पाणी तापवले आणि घमेले आणले. उजव्या हाताचा पट्टा सोडून डाव्याला बांधायला घेतला. ती म्हणाली, "वरून येतेय कळ. खांद्यातून." त्याने खांदाही चोळला. तिला घाम येत होता. ऑक्टोबरच होता, म्हणून त्याने पंखा वाढवला. पोहे जड झालेत, छाती भरल्यासारखी वाटते, असे ती म्हणाली. त्याने ओवा दिला.

मग तो म्हणाला, "जरा कळ काढ. साडेचारला दिव्या मॅडम येतात, तेव्हा जाऊ."

तिने मान हलवली. ती कळ काढणारी होती. भिंतीवरच्या कागदाची शेवटची ओळ तेव्हा मी वाचत होतो. पण मला बोलता येत नाही.

बाराच्या सुमारास बुद्धभूषण आत भाजी फोडणीला टाकत होता. आम्रपालीने डोके माझ्यावर ठेवले. तिला थोडे टेकायचे असेल असे मला वाटले. तिचे कपाळ आकड्यांच्या कळांवर होते आणि पडद्यावर एकच आकडा उमटू लागला. तो थांबला नाही. ओळीमागून ओळ भरत गेली. ती कपाळ उचलेल म्हणून मी वाट पाहत राहिलो.

बुद्धभूषण बाहेर आला तेव्हा पडदा भरला होता. साहेबरावांच्या रिक्षातून त्यांनी तिला दवाखान्यात नेले. तिथे काय झाले ते मला पुढे कळले, कारण बुद्धभूषण त्यानंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगायचा. डॉक्टरांनी विचारले, हात कधीपासून दुखतोय. त्याने उत्तर दिले, "आठ महिने झाले."

खरे उत्तर होते दोन तास. तो मनगटाचे सांगत होता आणि ते हृदयाचे विचारत होते. डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढून ओळखले, पण तोवर उशीर झाला होता. तुमच्या उत्तराने काही बदलले नसते, असे त्यांनी त्याला नंतर समजावले. त्याने ते ऐकून घेतले. मानले की नाही, मला माहीत नाही.

आम्रपाली गेली. तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. माणसे आपापल्या घरी गेली. मला एका जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. त्या अंधारात मी पाच वर्षे होतो. मला कुणी टाकून दिले नाही आणि कुणी हातही लावला नाही. कधीकधी बुद्धभूषण कपाटाखाली उभा राहिलेला ऐकू यायचा. मग पावले परत जायची.

गेल्या महिन्यात त्याने मला खाली काढले. साक्षी आता नववीत आहे आणि तिला टायपिंगची परीक्षा द्यायची आहे. माझ्याबरोबर चादरीत तो मनगटाचा पट्टाही होता. बुद्धभूषण तो धुवायला घेऊन गेला. पट्ट्यात आधारासाठी पत्र्याची पट्टी असते. ती काढताना त्या खोबणीतून काहीतरी खाली पडले.

तो माझा वर जाणारा बाण होता. आठ महिने आम्रपालीने तो मनगटाशी बांधून ठेवला होता.

बुद्धभूषणने तो माझ्यावर बसवून पाहिला. बसला नाही. खालचा खिळा साक्षीच्या पट्टीने मोडला होता. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. साक्षी म्हणाली, "राहू द्या बाबा. तुमच्याकडेच ठेवा." आता तो त्याच्या शर्टाच्या खिशात असतो.

परवा साक्षी सराव करत होती. मध्येच थांबली आणि म्हणाली, "बाबा, हात दुखतोय."

बुद्धभूषण कामावर निघाला होता. एक बूट पायात होता. तो म्हणाला, "जरा..."

त्याने बूट काढला. तिच्यापुढे जमिनीवर बसला. खिशावर हात ठेवून म्हणाला, "कुठून येतेय? बोट ठेवून दाखव. कधीपासून? दुसरीकडे कुठं काही होतंय का?"

साक्षीने करंगळीपासून मनगटापर्यंत बोट फिरवले. दुखणे साधेच होते, सरावाचे. तरी त्याने कंपनीत फोन करून येत नाही म्हणून कळवले आणि दोघे रहाटणीला गेले. घर रिकामे झाले. भिंतीवरचा कागद पिवळा पडला आहे, पण शेवटची ओळ अजून वाचता येते.

मित्रांनो, मी एक साधी वस्तू आहे. माझ्यावर काम करा, खेळा, पण वीस मिनिटांनी हात उचला. मनगट सरळ ठेवा. एवढे सगळ्यांनाच सांगता येते. मला दुसरेच सांगायचे आहे. तुम्हाला कळ आली तर काढू नका, सांगा. आणि तुमच्या घरात कुणी सांगितले, तर हातातले काम ठेवा आणि कळ कुठून येतेय ते विचारा. एकदा विचारून झाले असेल, तरी पुन्हा विचारा. आम्रपालीने सांगितले होते. ती म्हणाली होती, वरून येतेय.