व्हेनरच्या टॉनिकची निळी बाटली

मित्रांनो, माझ्या अंगावर काचेतच उठवलेली अक्षरे आहेत, 'डॉक्टर व्हेनर यांची मज्जासंजीवनी'. व्हेनर डॉक्टर नव्हता, आणि संजीवनी तर त्या रसायनात औषधालाही नव्हती. खरी होते ती फक्त मी, जाड निळ्या काचेची एक बाटली. आता माझे वय झाले आहे. तोंडाशी एक टवका उडाला आहे. तरीही हार्डक्लफ गावात मला ओळखत नाही अशी एकही गल्ली नाही. हा मान मला कसा मिळाला, ते ऐका.

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातल्या एका काचकारखान्यात माझा जन्म झाला. ईनक सॅगर नावाच्या कारागिराने लोखंडी नळीच्या टोकावर तापलेल्या काचेचा गोळा घेतला, साच्यात उतरवला आणि एका दमात मला फुंकून काढले. दिवसाला शेकडो बाटल्या फुंकून त्याचे गाल जुन्या पिशवीसारखे सैल पडले होते.

तिथून मी पेंढ्यात गुंडाळून व्हेनरच्या कारखान्यात आले. हा व्हेनर पूर्वी टोप्या विकायचा. टोप्यांपेक्षा लोकांच्या डोक्यातल्या काळज्या जास्त खपतील, हे त्याने ओळखले. एका मोठ्या पिंपात दारू, करपवलेली साखर, एक कडू मूळ आणि अफूचा अर्क एकत्र ढवळला जाई. माझ्यावर चिकटवलेल्या कागदावर मात्र 'डोंगरी वनस्पतींचा निर्दोष रस' असे छापलेले होते. हातांची थरथर, छातीची धडधड, निद्रानाश, उदासपणा, मेंदूचा थकवा, उगाच येणारे रडू, या सगळ्यांवर मी रामबाण होते म्हणे. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? मलाही ते खरे वाटायचे. दुकानाच्या खिडकीत मी मोठ्या तोऱ्यात उभी असे.

त्या खिडकीतून मला मिस टॅबिथा ऑर्मरोड घरी घेऊन गेली.

टॅबिथा पस्तिशीची होती. गावच्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, ती ऑर्गन वाजवायची. तिच्या आईचे आजारपण दोन वर्षे चालले होते, आणि ते सगळे तिने एकटीने काढले होते. आई गेली आणि त्यानंतर टॅबिथाचे हात थरथरू लागले. डॉक्टरांनी दाराशीच उभे राहून सांगितले, "नसांचा अशक्तपणा. अविवाहित स्त्रियांना होतो. टॉनिक घ्या."

पहिल्या चमच्याने हात थांबले. दुसऱ्या आठवड्यात ती शांत झोपू लागली. कृतज्ञतेने तिने व्हेनरला पत्र लिहिले, आणि व्हेनरने ते तिच्या नावागावासकट वर्तमानपत्रांत छापले.

पुढे काय झाले, ते मी तिच्या टेबलावरून रोज पाहिले. एका चमच्याचे तीन झाले, तिनाचे सहा. रिकामी झाले की दुकानदार मला पुन्हा भरून देई. चमचा चुकला की तिचे हात पूर्वीपेक्षा जास्त कापत. दोन रविवारी ती भजनाच्या मध्येच अडखळली. चॅपलचे कारभारी मिस्टर सग्डेन घरी येऊन म्हणाले, "मिस ऑर्मरोड, तुम्ही विश्रांती घ्या. नाताळनंतर आम्ही दुसरी व्यवस्था करू." ते गेल्यावर ती कितीतरी वेळ माझ्याकडे बघत बसली. मग तिने झाकण काढले. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझी लाज वाटली.

दर सोमवारी केझाया डॉब कपडे धुवायला यायची. ती दक्षिणेकडच्या दलदलीच्या मुलखातली. हाडापेराने मजबूत, तोंडाने फटकळ. त्या सोमवारी तिने मला उचलले आणि नाकाशी धरले.

"हा वास मी ओळखते, बाई," ती म्हणाली. "आमच्याकडे हिवतापाला म्हणून घरोघरी खसखशीच्या बोंडांचा काढा पितात. माझी आजी बसल्या जागी डुलायची. चुलीवर दूध उतू जायचं आणि ती त्याच्याकडे बघून हसायची. ही अफू आहे."

"वनस्पतींचा रस आहे तो. कागदावर लिहिलंय," टॅबिथा म्हणाली.

"मग काय, अफू काय खाणीत सापडते?"

टॅबिथा चिडली. "केझाया, तू तुझं काम कर."

"करते ना. पण एक सांगते. तुमचं पत्र पेपरात वाचून आमच्या गल्लीतल्या पाच जणींनी ही बाटली घेतलीये. ऑर्गनवाल्या बाई काय खोटं लिहितील, असं म्हणाल्या."

टॅबिथा खाली बसली. मग तिने विचारले, "तुझ्या आजीचं पुढे काय झालं?"

"आईने सोडवली तिला. एकदम नाही. एकदम सोडलं तर माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतं. आई जेवढं काढायची, तेवढाच गार चहा त्यात ओतायची. भांडं कायम भरलेलं. आत काय उरलंय, ते आजीला कळलंसुद्धा नाही."

"मला तर कळणार."

"कळू दे की. तुम्ही शिकलेल्या आहात, कळूनही घ्याल."

त्याच दिवसापासून सुरुवात झाली. टॅबिथाने आधी ठरवून रोजचे तीनच चमचे केले. एक चमचा काढायचा, एक चमचा गार चहा माझ्यात ओतायचा. तो पहिला आठवडा आठवला की आजही माझी काच गार पडते. तिला घाम फुटे, पाय ठणकत, नाक वाहत राही, काही पोटात ठरत नसे. एकदा तिने मला तोंडाला लावण्यासाठी उचलले. केझाया ओले हात तसेच घेऊन आली आणि तिच्यासमोर बसली.

"प्यायचंय?"

"हो."

"मग आधी मला सांगा, आईला शेवटी काय काय झालं होतं."

टॅबिथा सांगू लागली. एवढ्या दिवसांत तिला हे कुणी विचारलेच नव्हते. ती रडली, पुन्हा सांगू लागली. बोलता बोलता तिने मला टेबलावर ठेवून दिले. केझाया आता सोमवारचीच नव्हे, रोज येऊ लागली.

मित्रांनो, माझ्या पोटातला रंग तसाच तपकिरी होता, पण मी दिवसेंदिवस हलकी होत होते. सहाव्या आठवड्यात माझ्यात निव्वळ चहा उरला. टॅबिथाने मला गरम पाण्याने विसळले, ताजा चहा भरला आणि घरातल्या छोट्या ऑर्गनवर सरावाला बसली. तिचे हात स्थिर होते.

आणि नेमके तेव्हाच व्हेनरचे पत्र आले. तो हार्डक्लफच्या सभागृहात व्याख्यान देणार होता. मिस ऑर्मरोड यांनी रंगमंचावर येऊन पियानो वाजवावा आणि आपली बाटली सोबत आणावी, अशी त्याची नम्र विनंती होती.

"जाऊ नका," केझाया म्हणाली.

"त्या पाच जणी तिथे येणार असतील, तर मला गेलंच पाहिजे."

सभागृह गच्च भरले होते. पहिल्या रांगेत सग्डेन आणि चॅपलची मंडळी बसली होती. टॅबिथाने वाजवायला सुरुवात केली. आधी सगळ्यांना पाठ असलेले एक भजन, मग अशी एक द्रुत रचना की तिची बोटे दिसेनाशी झाली. एकही सूर घसरला नाही. लोक उभे राहिले.

व्हेनरने मला डोक्यावर उंच धरले. "हीच ती बाटली. हिच्यातल्या थेंबांनी या बाईंना त्यांचे हात परत दिले. खरं ना, मिस ऑर्मरोड?"

"गेला आठवडाभर मी याच बाटलीतलं घेतेय," टॅबिथा म्हणाली. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर ती पुढे म्हणाली, "मिस्टर व्हेनर, एक चमचा तुम्हीही घ्या ना, सगळ्यांसमोर."

त्याने हसत चमचा घेतला. तोंडात गेल्यावर त्याचे हसू जागच्या जागी राहिले.

"तुमचंच आहे ना?"

हजार डोळे त्याच्यावर होते. "अर्थात," तो म्हणाला. "अस्सल."

टॅबिथा खाली उतरली आणि तिने दुसरा चमचा सग्डेनसमोर धरला. आयुष्यात दारूला न शिवलेल्या त्या गृहस्थांनी आधी वास घेतला, मग जिभेला लावला.

"हा चहा आहे," ते म्हणाले. "साखर कमी आहे."

मग मागच्या बाकावरून केझायाचे गडगडाटी हसू आले आणि सगळे सभागृह त्यात सामील झाले.

"फसवणूक!" व्हेनर ओरडला. "हे माझं औषध नाही."

"मग माझे हात तुमच्या औषधाने बरे झालेले नाहीत," टॅबिथा म्हणाली. मग ती लोकांकडे वळली. "तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी माझं पत्र वाचून ही बाटली घेतली. ते पत्र मी अफूच्या धुंदीत लिहिलं होतं. ते मी आज परत घेते. सोडायचं असेल तिने उद्या माझ्या स्वयंपाकघरात यावं. कसं सोडायचं, ते केझाया डॉब सांगेल."

दुसऱ्या दिवशी पाच जणी येतील असे वाटले होते. एकवीस आल्या, प्रत्येकीच्या हातात माझीच एक बहीण. व्हेनर सकाळच्या गाडीने गेला, तो परत आला नाही. सग्डेननी चॅपलच्या ऑर्गनची किल्ली स्वतः आणून दिली.

त्या एकवीस जणींतली मार्था क्लेग नावाची विणकरीण तीनदा अडखळली. वसंत सरला तरी तिचे सुटेना. टॅबिथाने तिला कधी उपदेश केला नाही, फक्त मला तिच्या घरी नेऊन ठेवले. "ही जिंकून आलेली बाटली आहे," ती म्हणाली. मार्थाला चार महिने लागले. पण एका रविवारी ती मुलांचे हात धरून चॅपलमध्ये आली, आणि तिला पाहून टॅबिथाने त्या दिवशी ऑर्गनच्या सुरांच्या सगळ्या खुंट्या ओढून असा घोष केला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. काचेचा आनंद मला कळतो, मित्रांनो.

तेव्हा माझे एवढेच मागणे आहे. घरात कुणाचे हात कापत असतील, कुणाला झोप येत नसेल, कुणी उगाच रडत असेल, तर लगेच माझ्यासारख्या बाटलीकडे हात नेऊ नका. आधी हातातले काम टाका, त्याच्यासमोर बसा आणि विचारा, काय झालं होतं. मग उत्तर पूर्ण होईपर्यंत उठू नका.