बर्फाचं राहिलं

या शहरात जेवायला कुठे जावं, हा प्रश्न तपासनिसाला लोकांनी लिफ्टमध्ये विचारला होता, दवाखान्यात विचारला होता, एकदा तर कुणाच्या तरी मयताहून परतताना विचारला होता. विचारणारच. शहर खाण्यासाठी वेडं. एका गल्लीत समुद्रापलीकडून आलेल्यांचे वाफाळलेले मासे, पुढच्या गल्लीत डोंगरातल्या माणसांचे जाडजूड पाव, कोपऱ्यावर कुणाची सूपं, त्याच्या माथ्यावर कुणाचा धुरावर भाजलेला कोंबडा. रविवारी निम्मं शहर रांगेत उभं आणि निम्मं टेबलावर बसलेलं. अशा गावात सगळ्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात शिरायचा सरकारी हक्क असलेला माणूस शेजारी राहत असेल, तर त्याला नाही विचारायचं तर कुणाला? त्याचं उत्तर ठरलेलं होतं. तो म्हणायचा, "घरी."

ऐकणारे हसायचे. घरचे हसत नसत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने बायकोला बाहेर जेवायला किती वेळा नेलं, ते एका हाताच्या बोटांवर मोजून अंगठा उरला असता. आणि लेकीचा दहावा वाढदिवस तर घरात कुणी काढतच नसे. केकवर मेणबत्त्या पेटलेल्या, टेबलाभोवती तिच्या अकरा मैत्रिणी, आणि वेटरने सुरी खांद्यावरच्या फडक्याला पुसलेली या गृहस्थाने पाहिली. झालं. सगळ्यांना उठवून रस्त्यावर आणलं. मेणबत्त्या आत तशाच जळत राहिल्या. लेक आता सत्तावीस वर्षांची होती, पण तो दिवस ती विसरली नव्हती.

म्हणून तिने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं आणि दोन्ही घरांनी रविवारी दुपारी एकत्र जेवायचं असं निघालं, तेव्हा तिने बापाला समोर बसवून अटी घातल्या. हॉटेलचं नाव आधी सांगणार नाही. स्वयंपाकघराकडे बघायचं नाही. ग्लास उजेडात धरायचा नाही. काही हुंगायचं नाही.

"बाबा, दोन तास," ती म्हणाली. "फक्त दोन तास साध्या माणसासारखे वागा. मला दुसरं काही नको."

त्याने शब्द दिला. मनापासून दिला. त्या दहा वर्षांच्या पोरीचं देणं आपल्याकडे आहे हे त्यालाही ठाऊक होतं.

रविवारी टॅक्सी थांबली. समोर काचेचं दार, दोन्ही बाजूंना फुलांच्या कुंड्या, वर निळ्या अक्षरांतली पाटी. त्याने पाटी वाचली, आणि पुन्हा एकदा वाचली. शुक्रवारी तो इथेच आला होता. फरक इतकाच की तेव्हा तो मागच्या बोळातून आला होता, जिथे कुंड्या नसतात.

शुक्रवारची गोष्ट अशी. या हॉटेलच्या जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतून परत आला होता, आणि त्यात शेजारच्या गटाराचं पाणी मुरत असल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. असं पाणी धडधाकट माणसाला आठवडाभर अंथरुणाला खिळवतं. अशक्त माणसाचं काय होतं ते तपासनिसाने दोनदा पाहिलं होतं. नियम सांगतो, त्याच दिवशी टाळं लावा. पण मालक हातापाया पडला. म्हणाला, साहेब, सोमवारपासून खुशाल बंद करा, टाकी फोडून नवी बांधतो. पण रविवारी एक घर येणार आहे. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं. मुलाचं लग्न ठरतंय, दोन्ही घरं पहिल्यांदा भेटतायत, आणि त्यांची आजी पोटाच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी घराबाहेर पडतेय. तिने याच जागेचा हट्ट धरलाय.

सव्वीस वर्षांत तपासनीस कुणाच्या रडण्याला भुलला नव्हता. पण त्याच रविवारी त्याच्याही लेकीचं तसंच होतं. त्याचं मन विरघळलं. टाकीच्या थेंबाला हात लावायचा नाही, पिण्याला, स्वयंपाकाला, भांड्यांना सगळं पाणी बाहेरून कॅनने आणायचं, अशा अटी त्याने घातल्या, बोटांवर मोजत एकेक सांगितल्या, आणि नोटिशीवर सोमवारची तारीख टाकली. ते घर आपलेच व्याही असतील, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात ते असं.

आत व्याही उभेच होते. घड्याळं दुरुस्त करणारा, कमी बोलणारा, दर वाक्याआधी क्षणभर थांबणारा माणूस. त्यांचा मुलगा लेकीकडे बघून उगाच हसत होता. आणि खुर्चीत उशीला टेकून आजी बसली होती. मनगटं इतकी बारीक झालेली की बांगडी कोपरापर्यंत चढली होती. तिने तपासनिसाचा हात धरून जवळ बसवलं. म्हणाली, दवाखान्यात तीन महिने पांढरं पेजेचं पाणी पाजलं मेल्यांनी, आज मी माणसांसारखं जेवणार.

मालक मेनूकार्ड घेऊन हसत हसत आला आणि तपासनिसाला बघून त्याचं हसू जागच्या जागी वाळलं. दोघांनी ओळख दाखवली नाही. तपासनिसाने मेनूकार्डात डोकं घातलं. अक्षरं दिसत होती, पण वाचता येत नव्हती. शेवटी हात धुऊन येतो म्हणून तो उठला. बायकोने खालून त्याच्या सदऱ्याला धरलं, लेकीने नुसतं बघितलं. तरी तो गेला.

बोळकांडीत त्याने मालकाला गाठलं. मालकाने त्याला आत नेऊन दाखवलं. भिंतीला लागून पाण्याचे कॅन छतापर्यंत रचलेले. टाकीच्या झाकणावर दगड. मोरीच्या नळांना फडकी गच्च बांधलेली. भांडी घासणाऱ्या बाईंसमोरही कॅनच. "साहेब, शब्द म्हणजे शब्द," मालक म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता.

तपासनिसाच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो परत येऊन बसला आणि खरोखरच साध्या माणसासारखा वागू लागला. गरम सूप प्याला. घड्याळजींनी, आपण घरातली सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे ठेवतो आणि तरी सगळे उशिरा निघतात, असं सांगितल्यावर तो मोठ्याने हसला. पलीकडून बायको डोळ्यांनीच शाबासकी देत होती. लेकीचे खांदे सैल पडले होते. तिने बापाकडे पाहून जरासं हसून मान हलवली. एवढ्या वर्षांत तिने त्याच्याकडे असं पाहिलं नव्हतं, आणि त्याला ते फार बरं वाटलं.

तेवढ्यात मालक स्वतः ट्रे घेऊन आला. दोन्ही घरांसाठी माझ्याकडून, असं म्हणाला. उंच ग्लासांत संत्र्याचं सरबत, आणि गळ्यापर्यंत बर्फाचा चुरा.

तपासनीस त्या बर्फाकडे बघत राहिला. आणि त्याला दिसली ती शुक्रवारी पाहिलेली भिंत. कोठीच्या दारामागे बर्फाचं यंत्र, त्याच्या पाठीमागून निघणारी बोटाएवढी नळी, आणि ती नळी सरळ जमिनीत, टाकीकडे गेलेली. यंत्र आपलं आपण पाणी ओढून घेतं. त्याला ना नळ, ना फडकं. मालकाला आठवलं नव्हतं, कारण बर्फ हे पाणी आहे असं कुणाच्या डोक्यातच येत नाही. आणि तपासनिसाने बोटांवर मोजत सांगितलेल्या अटींमध्ये पिण्याचं पाणी होतं, स्वयंपाकाचं होतं, भांड्यांचं होतं. बर्फाचं राहिलं होतं. गोठल्याने पाण्यातली घाण मरत नाही, हे तो दर वर्षी नव्या तपासनिसांना शिकवत असे.

आजीने ग्लास दोन्ही हातांनी ओढून घेतला. बर्फ कडाकडा चावायचा तिला लहानपणापासून नाद, असं ती सांगत होती. दवाखान्यात मागून मागून थकले, ती म्हणाली, आणि चमचा बर्फात खुपसला.

आता बोलायचं म्हणजे काय काय बोलायचं? शुक्रवारचं सगळं बोलायचं. नोकरी जाईल ती जाईल, पण लेकीला दिलेला शब्द तिच्या सासरच्यांसमोर मोडायचा. आणि त्याने भेकडासारखं केलं. मीठदाणी घ्यायला म्हणून हात लांब केला आणि कोपराने आजीचा ग्लास पाडला.

सरबत टेबलभर पसरलं. आजी "अगं बाई" म्हणाली. मालक फडकं घेऊन धावला. लेकीने मात्र बापाला ओळखलं होतं. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा तो जुना वाढदिवस आला. दातांवर दात ठेवून ती हसली, आणि आपला ग्लास आजीसमोर सरकवला.

"आजी, तुम्ही माझा घ्या," ती म्हणाली. "मी अर्धा प्यायलेय, चालेल ना?"

तो इतका वेळ म्हातारीवर डोळा ठेवून होता. लेकीकडे त्याने पाहिलंच नव्हतं. ग्लास खरंच अर्धा होता. सकाळपासून धास्तीने तिच्या घशाला कोरड पडली होती, तिने सगळ्यांच्या आधी ग्लास तोंडाला लावला होता.

तपासनिसाने तो ग्लास आजीच्या हातातून काढून घेतला आणि उभा राहिला.

"कुणी बर्फ खाऊ नका," तो म्हणाला. "पाणी घाण आहे. शुक्रवारीच मी हे हॉटेल बंद करायला हवं होतं. मी केलं नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. टाकी, प्रयोगशाळेचा कागद, सोमवारची तारीख. काही लपवलं नाही. मालक फडकं हातात घेऊन ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही बर्फाचं बोलला नव्हता."

"नाही बोललो," तपासनीस म्हणाला. "चूक माझी."

लेक सरबत सांडलेल्या टेबलाकडे बघत होती. घड्याळजी नेहमीसारखे थांबले, पण या वेळी फार वेळ थांबले.

"तुम्ही ज्यांच्यासाठी दोन दिवस दिलेत, ते आम्हीच," ते म्हणाले. "समजा दुसरे कुणी असते. आज तुम्ही तुमच्या घरी जेवत असता. बर्फ आठवला असता का तुम्हाला?"

तपासनिसाने तोंड उघडलं. लेक बघत होती.

"नाही," तो म्हणाला.

घड्याळजींनी मान डोलावली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आईला हात देऊन उठवलं आणि आपण नंतर बोलू, एवढंच म्हणाले. नंतर म्हणजे कधी आणि काय, हे विचारायची तपासनिसाच्या बायकोलाही हिंमत झाली नाही. आजी मात्र जाता जाता लेकीच्या गालाला हात लावून गेली. मुलगा मागे राहिला. लेकीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे नेतो म्हणाला.

लेक जागची हलली नाही. ती हॉटेलभर नजर फिरवत होती. रविवारची दुपार, एकही टेबल रिकामं नाही, आणि टेबलाटेबलावर उंच ग्लास.

"बाबा," ती म्हणाली. "बाकीच्यांचं काय?"

तो निघाला. एकेका टेबलापाशी जाऊन आपण कोण ते सांगून ग्लास उचलू लागला. कुणी हसलं, कुणी चिडलं, एकाने ढकललंही. खिडकीच्या बाजूची टेबलं लेकीने घेतली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, पण त्याचेच शब्द बोलत होती. दाराजवळच्या टेबलावरची माणसं नुकतीच उठून गेली होती. तिथे पाच ग्लास होते, पाचही रिकामे. लेक त्या ग्लासांसमोर उभी राहिली आणि तिला तिथेच रडू फुटलं. तपासनीस जवळ गेला, पण तिच्या खांद्यावर हात ठेवायचं धाडस त्याला झालं नाही.

"ही कोण माणसं होती?" तिने मालकाला विचारलं.

मालकाने टेबलं राखून ठेवायची वही आणली. नाव आणि पुढे फोन नंबर. आजचं पान होतं, आणि त्याच्या आधी शनिवारचं पान होतं, वरपासून खालपर्यंत भरलेलं. तपासनिसाने ते उलटून पाहिलं आणि तो खुर्चीत बसला. मालकाने बाहेरच्या दाराला कडी घातली. कुणी सांगायची वाट पाहिली नाही.

मुलगा पुन्हा डॉक्टरचं म्हणाला. आधी हे, मग मी, असं लेकीने त्याला सांगितलं. ती बापाच्या समोर बसली, वही दोघांच्या मध्ये ठेवली, शनिवारचा पहिला नंबर लावला आणि फोन त्याच्या हातात दिला.

पलीकडे कुणी बाई होती, मागे पोरांचा दंगा. त्याने या हॉटेलचं नाव घेऊन, काल तुम्ही इथे जेवलात ना, असं विचारलं. बाई खुशीत आली. हो हो, ती म्हणाली, फार छान होतं, कुणी विचारलं तर आम्ही हेच हॉटेल सांगतो. पण आपण कोण?

सव्वीस वर्षांत असा प्रश्न आला की तो खात्याचं नाव सांगून मोकळा होत असे. लेक त्याच्याकडे बघत होती.

"शुक्रवारी हे हॉटेल ज्याने बंद करायचं होतं," तो म्हणाला, "तो मी. बाई, काल बर्फ कुणीकुणी खाल्ला होता?"

पलीकडे बाईने पोरांना गप्प केलं. मग ती एकेक नाव घेऊ लागली, आणि लेक ती वहीत लिहू लागली.