रिंग जागेवरच होती

पत्राला उत्तर द्यायचंच नाही असं मास्तरांनी कधी ठरवलं नव्हतं. ते पत्र थंडी पडायला लागली तेव्हा आलं, आणि तेव्हापासून कोटाच्या आतल्या खिशात होतं. घडीवर घडी पडून त्याचे कोपरे मऊ झाले होते. उत्तराची सुरुवात पाच-सहा वेळा झाली होती. एकदा तर अर्धं पानही भरलं होतं. पण लिहिलेलं पुन्हा वाचलं की मास्तरांना ते दुसऱ्याच कुणीतरी, अगदी बेफिकीर माणसाने लिहिल्यासारखं वाटे, आणि ते फाडून टाकत.

पत्र एका शिंपीणबाईंचं होतं. "मास्तर, माझ्या पोराला घेऊन गेलात तेव्हा म्हणाला होतात, याच्या हातात काहीतरी आहे. आता टीव्हीवर बघते तर याचा बॉल आत जात नाही. लोक हसतात. मला गोड बोलता येत नाही, म्हणून सरळ विचारते. त्याच्या हातात खरंच काही आहे, की तुमची नजर चुकली? नसेल तर कळवा. दुकानात एक मशीन रिकामं आहे, त्याला बोलावून घेते."

'आहे' असं लिहायचा मास्तरांना धीर होत नव्हता, आणि 'नाही' लिहायला हात धजत नव्हता.

"अहो, एका पत्राला एवढा विचार?" बायको म्हणायची. "तोवर त्या बाईचं पोर म्हातारं व्हायचं!"

मास्तर एका बास्केटबॉल क्लबात नेमबाजी शिकवत. म्हणजे बॉल रिंगमध्ये कसा टाकायचा, कोपर कुठे ठेवायचं, मनगट कधी सोडायचं, हे. ते कधीच कुठल्या शाळेत मास्तर नव्हते. पिशवीत कायम एखादं पुस्तक असे म्हणून खेळाडूंनी ते नाव ठेवलं होतं. आवाज इतका हळू की दुसऱ्या टोकाच्या खेळाडूला त्यांचं बोलणं तिसरा कुणीतरी ओरडून सांगे.

शिंपीणबाईंच्या मुलाला सगळे 'घड्याळ' म्हणत. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा त्याचा बॉल काट्यासारखा नेमका पडायचा. यंदा ते घड्याळ बंद पडलं होतं. तसा यंदा सगळा संघच तळाला होता, पण शनिवारच्या मॅचमध्ये जे झालं ते कुणीच कधी बघितलं नव्हतं. व्यावसायिक संघ, पगारी खेळाडू, आणि अख्ख्या मॅचमध्ये पन्नास पॉइंटसुद्धा झाले नाहीत. लोकांनी आधी आरडाओरडा केला, मग शिट्ट्या मारल्या, आणि शेवटी सगळं स्टेडियम गप्प झालं. ती शांतता मास्तरांना सहन होईना. तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडलं, "अरे, किल्ली द्या रे त्याला!" आणि हजारो माणसं एकदम हसली. घड्याळ मान खाली घालून परत धावला. बॉल पुन्हा रिंगच्या पुढच्या काठाला लागून बाहेर आला होता. जवळजवळ सगळ्यांचे बॉल तिथेच लागत होते.

मुख्य कोचसाहेबांना खेळाडू पाठीमागे 'तोफ' म्हणत. "पाय!" तोफ कपडे बदलायच्या खोलीत कडाडली. "बॉल पुढच्या काठाला लागतो म्हणजे पायात जीव नाही! उद्यापासून शूटिंग दुप्पट!"

"साहेब, मागच्या महिन्यातच दुप्पट केलं," मास्तर पुटपुटले.

"मग चौपट!"

सोमवारी सकाळी तोफेने मास्तरांना बाजूला घेतलं. "गुरुवारी क्लबच्या मालकीणबाई येतायत. घड्याळाला सोडतोय आपण. करार रद्द."

मास्तरांना 'नको' म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "बरं."

त्या दिवशी ते सरावाच्या हॉलमध्ये बाकावर बसून राहिले. समोर घड्याळ बॉल टाकत होता आणि प्रत्येक बॉल काठाला न शिवता जाळीतून खाली येत होता. सगळ्यांचं तसंच. हॉलमध्ये वाघ आणि मॅचमध्ये शेळ्या. शेजारच्या बाकावर 'मामा' कमरेला गरम पिशवी लावून आडवा पडला होता. मामा संघातला सगळ्यात जुना खेळाडू. कंबर धरलेली म्हणून डॉक्टरांनी त्याला सरावातून सूट दिली होती. तो फक्त मॅचला उभा राहायचा. आणि यंदा संघाचे निम्मे पॉइंट त्याचेच होते.

"मास्तर, माझं ऐका," मामा म्हणाला, "एकेकाची कंबर मोडा. संघ पहिला येईल."

मास्तर हसले, आणि हसता हसता गार पडले. थट्टा नव्हतीच ती. जो अजिबात सराव करत नव्हता त्याचे बॉल पडत होते. जो थोडा करायचा त्याचे थोडे पडत होते. आणि घड्याळ, जो सगळ्यांच्या आधी येऊन सगळ्यांनंतर जायचा, त्याचा एकही पडत नव्हता. म्हणजे सराव बिघडवत होता. सराव कोण घेत होतं? मास्तर. आपल्याला काही येत नाही ही शंका त्यांना आयुष्यभर होती. ती अशी दिवसाढवळ्या समोर येऊन उभी राहील असं मात्र वाटलं नव्हतं.

तेवढ्यात दाराशी धाड्कन आवाज झाला.

"आणखी एक!" सगळे ओरडले. संघातला सगळ्यात उंच गडी, 'खांब', कपाळ धरून उभा होता. हॉलबाहेर जाताना तो वरच्या चौकटीला आपटला होता. यंदा हे रोजचंच झालं होतं. त्याच्या कपाळावरचं टेंगूळ उतरायलाच तयार नव्हतं.

मास्तरांनी बर्फाची पिशवी आणून दिली. "अरे, इतकी वर्षं याच दारातून जातोस ना?"

"डोळे मिटून जायचो, मास्तर. किती वाकायचं ते मानेला पाठ होतं. आणि गंमत बघा, आत येताना कधीच लागत नाही. जातानाच लागतं."

"उंची वाढली असेल राजाची," मामा म्हणाला.

"या वयात? उंची नाही, उडी वाढलीय. नवीन जमिनीने उडवलंय सगळ्यांना. आता उडी मारली की रिंगच्या वर कोपर जातं माझं!"

पुन्हा हशा झाला. मास्तर हसले नाहीत. त्यांचं लक्ष दाराकडे गेलं होतं. ते बाहेर गेले, पुन्हा आत आले, पुन्हा बाहेर गेले. बाहेर बोळाची जुनी फरशी. आत शिरताना पायाखाली एक छोटा लाकडी चढ लागत होता. तो पूर्वी नव्हता. पूर्वी आतलं-बाहेरचं सारखं होतं.

नवीन जमीन मास्तरांनीच मागितली होती. कडक जमिनीने खेळाडूंचे गुडघे जातात हे त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं, आणि जन्मात पहिल्यांदा मालकीणबाईंच्या खोलीत जाऊन तोंड उघडलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत काम झालं. जुन्या जमिनीवर रबर, रबरावर लाकडी पट्ट्या, पट्ट्यांवर फळ्या. गुडघे बरे झाले, उड्या वाढल्या, सगळ्यांनी पाठ थोपटली. आयुष्यात आपल्या हातून एक तरी गोष्ट धड झाली, असं त्या जमिनीकडे बघून मास्तरांना वाटायचं.

आता त्यांनी हळूच मान वर केली.

रिंग भिंतीत रोवलेल्या लोखंडी हातांवर होती. जमीनवाले आले, जमीन करून गेले. रिंग कुणाच्याच कामात नव्हती. ती जागेवरच होती.

सगळे जेवायला जाईपर्यंत मास्तर काही बोलले नाहीत. मग त्यांनी कोठीतली शिडी ओढत आणली आणि टेप घेऊन वर चढले. माप ठरलेल्या उंचीपेक्षा चार बोटं कमी आलं. आपण चुकलो असू म्हणून पुन्हा घेतलं. तरी चार बोटं. समोरच्या रिंगचंही तेच. शिडीच्या वरच्या पायरीवरून त्यांनी हात लांबवून रिंग चाचपली. अख्खा हंगाम हे सगळे लोक मॅचच्या रिंगपेक्षा खुजी रिंग शिकले होते. त्यांनीच ती शिकवली होती.

"मास्तर! उतरा खाली, पडाल!"

घड्याळ होता. जेवण टाकून सरावाला आला होता, नेहमीसारखा. त्याने शिडी धरली, मास्तरांना उतरवलं, आणि त्यांच्या हातातली टेप बघितली. मास्तरांनी सांगितलं. दोन वाक्यांत झालं.

घड्याळाने मान वर करून रिंगकडे बघितलं.

"म्हणजे मी जितके जास्त टाकत होतो..."

"तितकं जास्त चुकीचं शिकत होतास. आणि तू सगळ्यांत नीट शिकतोस."

"आणि मामा?"

"मामा काही शिकलाच नाही."

घड्याळ हसला. "आईचा फोन उचलत नाही मी, मास्तर. काय सांगू तिला? रोज आरशात बघून स्वतःला शिव्या देतो. आणि तुम्ही... तुम्ही तर इथेच होता ना रोज? या रिंगखाली?"

"होतो," मास्तर म्हणाले.

निरोप मिळताच तोफ आली, तिने स्वतः मापं घेतली, आणि जमिनीवर बसली. तिचा आवाज मास्तरांनी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "कुणाला सांगितलंत?"

"यालाच."

"मग इथेच पुरा. उद्या माणूस बोलावून रिंगा वर घेतो. पेपरवाल्यांना कळलं तर आपली सर्कस करून टाकतील."

"आणि गुरुवारचं?"

"ते ठरलंय. एवढा हंगाम बुडाला, मालकीणबाईंना कुणीतरी दाखवायला नको?"

"पण साहेब, त्याची चूक नाही."

"मग कुणाची?" तोफेने वर बघितलं. "जमीन कुणी मागितली होती, मास्तर?"

घड्याळ तिथेच उभा होता. मास्तरांच्या तोंडून 'बरं' निघालं नाही, एवढंच. दुसरंही काही निघालं नाही.

गुरुवारी मास्तर बोलावणं नसताना मालकीणबाईंच्या खोलीत गेले. घरून चार वाक्यं घोकून आणली होती, ती दारातच विसरली. तोफ आधीच खुर्चीत होती, टेबलावर करार होता. मास्तरांनी खिशातली टेप काढली आणि उगाचच त्या करारावर ठेवली.

"बाई, रिंग चार बोटं खाली होती. खाली म्हणजे... जमीन वर होती. ती मी मागितली होती."

"काय बोलताय?" बाईंनी तोफेकडे पाहिलं. तोफ खिडकीबाहेर बघत होती.

शेवटी बाई उठून हॉलमध्ये आल्या. रिंगा मंगळवारीच वर गेल्या होत्या. बाईंनी घड्याळाला बॉल टाकायला सांगितलं. बॉल पुढच्या काठाला लागला. दुसरा, तिसरा, सगळे तिथेच.

"बघा," तोफ म्हणाली.

"मामाला बोलवा," मास्तर म्हणाले. इतक्या मोठ्याने की खांबाने वळून बघितलं.

मामा कमरेवर हात ठेवून आला, कुरकुरला, आणि त्याने बॉल टाकला. गेला. पुन्हा टाकला. गेला.

बाईंचा चेहरा उतरत गेला. "म्हणजे ज्याने कष्ट केले तो बिघडला, आणि जो झोपून राहिला तो वाचला?"

"हो."

"मी या सगळ्याचे पगार देतेय?"

मामाने गरम पिशवी पाठीमागे लपवली.

"हा सुधारेल?" बाईंनी घड्याळाकडे बोट दाखवलं.

मास्तरांनी जन्मात कुठल्याच गोष्टीची खात्री दिली नव्हती. पाऊस पडत असतानाही ते 'पडतोय बहुतेक' म्हणायचे. "सुधारेल," ते म्हणाले. "चुकीचं इतकं मन लावून शिकला, बरोबर तर शिकेलच."

बाई म्हणाल्या, "हा राहू दे. तुमचं काय करायचं ते मात्र मला बघावं लागेल, मास्तर."

"बरं," मास्तर म्हणाले.

सगळे गेले तरी घड्याळ टाकत राहिला. तो मास्तरांशी बोलत नव्हता. मास्तरही बाकावरून हलले नाहीत. बॉल पुढच्या काठाला लागत होता, लागत होता, आणि मग एक बॉल रिंगवरून पुढे जाऊन मागच्या काठावर धडकला आणि बाहेर आला. अख्ख्या हंगामात त्याचा बॉल पहिल्यांदाच लांब गेला होता. मास्तर उभे राहिले. घड्याळाने वळून बघितलं.

"चुकला," तो म्हणाला.

"हो," मास्तर म्हणाले. "किती छान चुकला."

घड्याळाने बॉल उचलला. "मास्तर, कोपर बघा माझं. बाहेर जातंय का?"

संध्याकाळी मास्तरांनी घरी एका बैठकीत पत्र लिहिलं. बायकोने चहा आणला, मागून वाकून वाचलं, आणि पहिल्यांदाच थट्टा केली नाही.

"बाई, उत्तराला उशीर झाला, कारण मला उत्तर माहीत नव्हतं. तुमच्या मुलाच्या हातात आहे. तेव्हा होतं तेवढंच आहे, कदाचित थोडं जास्तच. चुकलं ते माप, आणि ते माझ्यामुळे चुकलं. तुम्ही शिंपीण आहात, म्हणून तुम्हाला हे समजेल: टेपच चुकीची दिली, तर हात जितका चांगला तितकं कापड वाया जातं. तो फोन करेल. नाही केला तर तुम्ही करा. आणि त्या मशीनवर दुसरं कुणीतरी बसवा."

कोपऱ्यावरच्या टपालपेटीशी ते बराच वेळ उभे राहिले. 'कदाचित' खोडायला हवं होतं का? 'तुम्हाला हे समजेल' हे उद्धट तर वाटत नाही? पाकीट निम्मं आत होतं, निम्मं बोटांत. मागे एक बाई पत्र घेऊन थांबली होती. "आजोबा, टाकताय ना?"

"हो, हो," मास्तर म्हणाले, आणि बोटं सोडली.