अँग्विश शब्दाची कुळी आणि सोपानची कंबर

मी लोणावळ्याच्या सडक-कचेरीतला जाडा कोश बोलतोय. घाई असेल त्याने खुशाल पुढे जावं. माझ्या बोलण्याची चाल बैलगाडीची आहे.

जन्म कलकत्त्याचा. अंगावर बकऱ्याचं कातडं, पोटात इंग्रजी शब्द, प्रत्येकाची कुळी आणि शेजारी त्याचा फारसी भाऊबंद. एवढं सगळं माझ्यावर छापलं, पण मला वाचायला कुणी शिकवलं नाही. कुणी मोठ्यानं वाचलं, तेवढंच मला कळलं. एक साहेब बदलीवर जाताना जड म्हणून मला सोडून गेला. मग वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून मला वर ठेवू लागले. खरं सांगतो, त्या कामात मी सुखी होतो.

पुढे तळेगावचे माधवराव हेडक्लार्क झाले. माणूस वाईट नव्हता, शब्दांचा नाद होता एवढंच.

कचेरीची रीत अशी, की रजेचा अर्ज इंग्रजीतच पाहिजे. सव्वीस सालच्या मार्गशीर्षात कुसगावचा सोपान दाराशी आला. खडी फोडायच्या कामावरचा गडी. धोंडा उचलताना कंबर धरली होती. न सांगता घरी बसला तर मुकादम नाव कापणार, आणि कामावर राहिला तर कंबर जाणार.

"रावसाहेब, म्हैनाभर पडून ऱ्हायची परवानगी द्या," तो म्हणाला. "वाकलं की डोळ्याम्होरं अंधारी येती."

कंबर दुखते, एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पण साध्या शब्दाला साहेब विचारत नाही, असं माधवरावांचं म्हणणं. त्यांनी मला उघडलं आणि यातनेसाठी वजनदार शब्द काढला: अँग्विश.

रजा मंजूर करणारा साहेब खंडाळ्याच्या बंगल्यात राहायचा. तरुणपणी त्यानं फारसीची परीक्षा दिली होती आणि त्यानंतर त्याला फारसीतलं कुणी काही विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचं चार पानी उत्तर आलं. अँग्विश हा शब्द लॅटिनमधला, मूळ अर्थ अरुंद जागा, गळा आवळणं. फारसीत त्याला तंगी म्हणतात, मनाची असेल तर दिलतंगी. तेव्हा ते कंबरेला कसं होईल? अर्जदाराला दर्द आहे, रंज आहे की अंदोह, याचा खुलासा व्हावा.

माधवराव हरखले. सगळ्या नोकरीत त्यांना कुणी चार पानं लिहिली नव्हती. त्यांनी सोपानला खडीवरून बोलावून उभं केलं आणि समजावलं, की दर्द शरीराचा, रंज कष्टाचा, अंदोह मनाचा. आपण आजार म्हणतो तोही फारसीतूनच आलेला.

सोपाननं चौकटीला पाठ टेकली.

"आला आसंल तिकडून," तो म्हणाला. "पर आता त्याचा मुक्काम माज्या कंबरंत हाय, तेवढं लिवा."

तेवढं सोडून सगळं लिहिलं गेलं.

शिमग्यापर्यंत पत्रं येत-जात राहिली आणि सोपान खडी फोडत राहिला. मला इतकं उघडलं-मिटलं, की माझी शिवण उसवली. माधवरावांनी साहेबाला एक ओळ लिहिली: कोश फाटला आहे, दुरुस्तीस पाठवावा. दुसऱ्याच दिवशी मंजुरी आली. फाटण्याची कुळी कुणी विचारली नाही. मला पुण्याला न्यायचं काम सोपानकडे आलं.

पुण्यात नथू जिनगरानं मला दिवसभरात शिवलं, आणि गडी विसरेल म्हणून चिठ्ठी लिहून दिली: 'महिनाभर आडवं ठेवावं. वाकवू नये. वजन पडू देऊ नये. ओल लागू देऊ नये.' सोपाननं ती मुंडाशात खोवली.

दुसऱ्या सकाळी मला घेऊन तो परतला, तेव्हा खडीपाशी मुकादम बजरंगनं ती चिठ्ठी काढून घेतली आणि अक्षर लावून लावून वाचली. त्याचा चेहराच बदलला.

"लेका, पुण्याच्या डाक्टरची चिठ्ठी हाय आन् डोक्यात घेऊन फिरतूस व्हय?"

"आबा, ती ह्या बुकाची हाय," सोपान म्हणाला.

"बुकाला कुटं कंबर आसती? जा, नीज जा घरी."

बजरंगनं मला आणि चिठ्ठीला माधवरावांपुढे ठेवलं. त्यांनी ती वाचली. माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीतून सोपानच्या वाकड्या चालीकडे पाहिलं. ते आता मला उघडणार, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. त्यांनी उघडलं नाही. चिठ्ठी सोपानच्या अर्जाला डकवली आणि खाली लिहिलं, 'याप्रमाणे वागावं.' मग चिठ्ठी माझी असल्याची कुणाला शंका यायला नको म्हणून उठून स्वतःच्या हातानं कागदांची अकरा दफ्तरं माझ्यावर रचली.

शिवण पुन्हा गेली, ती गेलीच. आता फडताळात माझी पानं सुटी पडलीत आणि अँग्विशचं पान उंदरांनी नेलंय. पण महिन्यानं सोपान दारात ताठ उभा राहिला, ते मी दफ्तरांखालून पाहिलंय.

तेव्हा वाचणाऱ्या दादांनो, एवढंच मागणं आहे. कुणी दुखतंय म्हणत दाराशी आला, तर आधी त्याला बसायला द्या. मला मागाहून उघडा. मी काही उठून कुठं जात नाही.